पश्चिमेच्या अंगणात एकाच झाडाची जागा : जाम की ख्रिसमस ट्री?

प्रश्न : महोदय, जळगाव शहराच्या कडेला एका नव्या वसाहतीत आम्ही नुकतेच घर बांधले आहे. घराचे तोंड पश्चिमेला असून ओटा आणि कुंपण यांच्यामध्ये वीस फूट लांब व बारा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. जमीन काळी, भरपूर खोल आहे. माझ्या मुलाने रोपवाटिकेतून चार फूट उंचीचा ख्रिसमस ट्री आणला असून तो जमिनीतच लावावा असा त्याचा आग्रह आहे. सूचिपर्णी झाडाला पाणी कमी लागते, पानगळीचा कचरा होत नाही आणि देखभाल करावी लागत नाही, असे त्याला रोपवाटिकेत सांगण्यात आले. सासूबाईंचे म्हणणे असे, की जे झाड खायला देत नाही त्याला अंगणात जागा कशाला द्यायची. त्यांना सीताफळ हवे आहे, नाहीतर जाम, म्हणजे पेरू. जागा एकाच झाडाची आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती झाडांविषयीची नसून घराच्या दिशेविषयीची आहे. पश्चिमेला तोंड असलेल्या घराला आपल्या भागात होळीपासून मृगापर्यंत दुपारी दोन ते सायंकाळी सहा या वेळात जे ऊन भिंतीवर झेलावे लागते, ते पाहता त्या बारा फुटांत लावलेल्या झाडाकडून पहिली अपेक्षा सावलीची ठेवली पाहिजे. फळ आणि शोभा त्यानंतर. हा निकष लावला तर मुलाचे आणि सासूबाईंचे दोघांचेही थोडे थोडे चुकते आहे, असे माझे मत आहे.

आधी मुलाच्या झाडाविषयी. आपल्याकडील रोपवाटिकांत ख्रिसमस ट्री म्हणून जे विकले जाते ते युरोपातल्या नाताळाचे झाड नव्हे. तिकडे स्प्रूस किंवा फर जातीची झाडे सजवतात आणि ती आपल्या हवेत टिकत नाहीत. आपण आणलेले झाड बहुधा अरोकेरिया असावे. त्याच्या दोन जाती बाजारात एकमेकींच्या नावाने खपतात. एक मूळची नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची. नॉरफोक हे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या मधल्या समुद्रातले जेमतेम पस्तीस चौरस किलोमीटरचे बेट आहे, आणि या झाडाचा तिथल्या लोकांना इतका अभिमान आहे की बेटाच्या ध्वजावरही तेच झाड आहे. तिथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो, हवेत सदैव समुद्राचा ओलावा असतो आणि भर उन्हाळ्यातही पारा तिशी ओलांडत नाही. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो, त्या वेळी हवेत ओलावा जवळजवळ नसतो, आणि आपल्या घराची पश्चिमेची भिंत दुपारभर तापून रात्री उशिरापर्यंत ती उष्णता बाहेर टाकत असते. त्या भिंतीपासून सहा फुटांवर हे बेटावरचे झाड उभे करायचे, असा हा बेत आहे.

पाने सुईसारखी असली म्हणजे झाडाला पाणी कमी लागते, हा समज अगदीच निराधार नाही. सूचिपर्णी झाडांच्या पानांवर जाड मेणचट थर असतो, पानांचा पृष्ठभाग लहान असतो आणि त्यामुळे पाणी कमी उडते. हिमालयाच्या पायथ्याच्या उतारांवरील चीड कोरड्या उन्हाळ्यात तग धरतो तो काही अंशी याच बळावर. मात्र अरोकेरियाची सहनशक्ती वेगळ्या दिशेची आहे. समुद्रावरून येणारा खारा वारा तो सहज सोसतो, म्हणूनच जगभर किनाऱ्यालगतच्या शहरांत तो रस्त्याकडेला दिसतो. उन्हाळी दुपारच्या कोरड्या झळांचा सामना करण्याची वेळ त्याच्यावर मूळ ठिकाणी कधी आलेलीच नाही. त्यातच आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळ्या तुटतात. शिवाय तापी-गिरणेच्या खोऱ्यातील जमिनींत चुनखडीचे प्रमाण बरेच असते, त्यामुळे थोडी आम्लधर्मी जमीन पसंत करणाऱ्या झाडाला लोह मिळेनासे होते आणि शेंड्याकडची पाने पिवळी पडतात. मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी हौसेने एक अरोकेरिया जमिनीत लावला होता. पहिली तीन वर्षे शेजारीपाजारी कौतुक करीत होते. चौथ्या उन्हाळ्यात फांद्यांचे खालचे दोन थर तांबूस झाले, पाचव्या उन्हाळ्यात आणखी एक, आणि त्यानंतर जे उरले ते खांबावर उघडलेल्या छत्रीसारखे दिसू लागले.

फळझाड आणि सूचिपर्णी झाड यांतला बागेच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक इथेच आहे, आणि रोपवाटिकेत तो सहसा कोणी सांगत नाही. जामाची फांदी कापली, मोडली किंवा वाळली, तर तिच्या खालच्या सुप्त डोळ्यांतून महिनाभरात नवे फुटवे येतात. अगदी बुंध्यापासून छाटलेला जुना जामसुद्धा पुन्हा झाड होतो, आणि शेतकरी जुन्या बागा अशाच नव्या करून घेतात. लिंबू, बोर, सीताफळ, डाळिंब ही सर्वच झाडे कमीअधिक प्रमाणात अशी क्षमाशील आहेत. बहुतेक सूचिपर्णी झाडांत मात्र जुन्या, पाने गळालेल्या लाकडातून नवी पालवी येत नाही. अरोकेरियाचा जो थर वाळला तो कायमचा गेला. त्याचा शेंडा तुटला तर त्याचा तो शंकूसारखा आकार बहुधा पूर्ववत होत नाही. म्हणजे या झाडाला देखभाल लागत नाही हे खरे नव्हे. चूक दुरुस्त करण्याची संधी ते देत नाही, एवढेच खरे. ज्या घरात उन्हाळ्यात आठ दिवस गावाला जावे लागते आणि नळाचे पाणी रोज येईलच याची खात्री नसते, त्या घराला चुका पचवणारे झाड हवे.

सावलीच्या बाबतीत तर तुलनाच होत नाही. अरोकेरियाचे थर एकमेकांपासून अंतर राखून आडवे पसरतात आणि त्यांच्यामधून ऊन सरळ खाली येते. लहानपणी तो आठ-दहा फूट रुंदीची जागा अडवतो, बसायला मात्र हातभर सावली देत नाही. मोठेपणी इतका उंच जातो की त्याची सावली शेजाऱ्याच्या गच्चीवर पडते. मूळ बेटावर ही झाडे पन्नास मीटरहून अधिक उंच होतात. आपल्याकडे ती तेवढी वाढत नाहीत, तरी समोरून विजेची तार गेली असेल तर पुढील पंधरा वर्षांचा विचार आजच केलेला बरा. न्यू कॅलेडोनियाच्या जातीची एक गंमत सांगतो : ती जगात कुठेही लावली तरी विषुववृत्ताच्या बाजूला थोडी कलते, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेकडे. आपले झाड काही वर्षांनी कललेले दिसले तर दोष लावणाऱ्याच्या हाताचा नसेल.

आता सासूबाईंच्या सीताफळाविषयी. काटक झाड म्हणून सीताफळाला तोड नाही. ते मूळचे अमेरिका खंडातले असले तरी सातपुड्याच्या उतारांवर आणि अजिंठ्याच्या डोंगरात ते इतके रुळले आहे, की ते बाहेरून आले असे सांगितले तर कोणाला पटत नाही. हलकी जमीन, थोडे पाणी, शेळ्या-बकऱ्यांनी न खाण्याजोगा पाला, या सर्व गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. अडचण एकच आहे आणि आपल्या अंगणात ती निर्णायक आहे : हिवाळ्याच्या अखेरीपासून सीताफळाची पाने गळतात आणि नवी पालवी पावसाच्या तोंडावर येते. म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-सुना माहेरी आल्या, अंगणात झोका बांधावा म्हटले, तर डोक्यावर नुसत्या काड्या. मेहरूणच्या बोराचेही तसेच आहे. उन्हाळ्यात ते विश्रांती घेते, शेतकरी त्या सुमारास त्याची कठोर छाटणी करतात, आणि दोन-अडीच महिने त्याच्याखाली सावली म्हणून काही राहत नाही. घराच्या मागे, पूर्वेला किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात जागा असती, तर मी याच दोन झाडांची शिफारस सर्वांत आधी केली असती.

आवळ्याला एकट्याने लावून भागत नाही. चांगल्या फळधारणेसाठी जवळ दुसऱ्या जातीचे झाड लागते. चिकूचा मोहोर आणि कोवळी फळे आपल्या मे महिन्यात करपतात. आंब्याला बारा फूट पुरत नाहीत. लिंबू चालले असते, परंतु खोल काळ्या जमिनीत बुंध्याजवळ पाणी साचले की डिंक्या रोग ठरलेला, आणि काट्यांमुळे त्याच्याखाली मुले खेळू शकत नाहीत.

म्हणून माझे उत्तर जाम असे आहे. पेरू म्हटले काय किंवा आपल्याकडच्या बोलीत जाम म्हटले काय, हे झाड चुनखडीच्या जमिनीत तक्रार करीत नाही, काळ्या जमिनीचा ओलावा आणि कोरड दोन्ही बऱ्यापैकी सोसते, पाणी मिळत राहिले तर उन्हाळ्यात हिरवे राहते आणि बारा फुटांत बसते. जात सरदार घ्यावी; तिला लखनौ ४९ असेही म्हणतात आणि तिची निवड पुण्याजवळ गणेशखिंड येथे झाली. तिचे झाड उंच न जाता आडवे पसरते, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. बियांपासून केलेले रोप घेऊ नये, कलम घ्यावे.

लावण्याची पद्धत थोडी तपशिलाने सांगतो, कारण काळ्या जमिनीत सर्वाधिक झाडे खड्ड्याच्या चुकीने मरतात. प्रचलित सल्ला असा, की मोठा खड्डा खणून त्यात वाळू, पोयटा आणि शेणखत भरावे. हलक्या जमिनीत तो बरोबर आहे. आपल्या जमिनीत मात्र चहूबाजूंनी चिकण माती आणि मध्ये भुसभुशीत भराव असा खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरून राहणारा हौद होतो आणि मुळ्या त्यात कुजतात. म्हणून दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हाने तापू द्यावा, निघालेल्या मातीतच दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत मिसळून तीच परत भरावी, आणि भराव आसपासच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवून त्या उंचवट्यावर पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर कलम लावावे. भिंतीपासून आणि कुंपणापासून सारखे, म्हणजे सहा-सहा फूट अंतर ठेवावे. कलमाचा जोड असेल तर तो मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी आणि जोडाच्या खालून येणारे फुटवे दिसताक्षणी काढावेत.

शेतात जामाचे खोड दोन-अडीच फुटांवर खुडून फांद्या फोडतात. आपण तसे करू नये. खाली खुर्ची टाकून बसायचे असेल तर चार फुटांपर्यंत खोड मोकळे ठेवून तिथे शेंडा खुडावा, चारी दिशांना जाणाऱ्या तीन-चार फांद्या राखाव्यात, आणि पुढे दरवर्षी फळे संपल्यानंतर वर जाणारे फुटवे एक तृतीयांश छाटून झाडाची उंची दहा-बारा फुटांच्या आत ठेवावी. जामाला फूल नव्या फुटीवर येते, त्यामुळे ही छाटणी फळांच्याही फायद्याची ठरते. पहिली दोन वर्षे आलेली फुले मन घट्ट करून तोडून टाकावीत.

पाण्याच्या बाबतीत अंगणातला जाम आणि शेतातला जाम यांच्यात एक महत्त्वाचा फरक करावा लागतो. बागायतदार मृग बहार धरण्यासाठी एप्रिल-मे महिन्यांत झाडाला पाण्याचा ताण देतात; झाड पाने टाकते आणि पावसाबरोबर एकदम फुलते, त्यामुळे हिवाळ्यात भरघोस, गोड फळ हाती येते. आपण हा ताण दिला तर फळ उत्तम मिळेल, पण ज्या दोन महिन्यांसाठी झाड लावले त्याच दोन महिन्यांची सावली जाईल. म्हणून आपण ताण देऊ नये. फळ थोडे कमी, थोडे पुढेमागे येईल, ते चालवून घ्यावे. उन्हाळ्यात लहान झाडाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दहा-पंधरा लिटर पाणी पुरते. ते बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली आळे करून द्यावे आणि आळ्यावर उसाचे पाचट किंवा केळीच्या वाळलेल्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. ठिबकच्या नळ्या घरोघरी सापडणाऱ्या जिल्ह्यात एक नळी अंगणापर्यंत आणणे अवघड नाही.

जामाचे दोषही सांगायला हवेत. पावसाळी फळांत फळमाशीच्या अळ्या होतात, पिकलेली फळे फरशीवर पडून माश्या जमतात, रात्री वटवाघळे आणि पहाटे पोपट येतात. पडलेले फळ रोज उचलून खोल पुरावे आणि फळमाशीचा गंधसापळा झाडाला टांगावा. पावसाळी फळांचा मोह न धरता हिवाळी फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात. पानगळीचा कचरा होईल, हा मुलाचा आक्षेप खरा आहे. तो कचरा त्याच झाडाच्या आळ्यात टाकावा.

मुलाचे झाड टाकून देऊ नये. ते कुंडीत ठेवावे. कुंडीत अरोकेरिया अगदी सावकाश वाढतो आणि अनेक वर्षे देखणा राहतो. घराच्या पूर्वेला सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील अशी जागा त्याला द्यावी, पाण्याचा निचरा होईल असे पोयटा, वाळू व पानांचे खत यांचे मिश्रण वापरावे, आणि पंधरा दिवसांतून एकदा कुंडी पाव वळण फिरवावी, नाहीतर झाड उजेडाकडे झुकते. मार्च ते मे या काळात सायंकाळी पानांवर पाणी फवारावे आणि कुंडीखालची ताटली पाण्याने भरून ठेवू नये. रोप बियांपासून केलेले आहे की बाजूच्या फांदीपासून, तेही एकदा पाहून घ्यावे. बाजूची फांदी लावून केलेले रोप आयुष्यभर आडवेच वाढते. खोड सरळ उभे असेल आणि थर चारी बाजूंनी सारखे असतील तर चिंता नाही.

प्रश्न : आमच्या दारातला सहा वर्षांचा अरोकेरिया गेल्या मे महिन्यातील वादळी पावसात शेंड्याकडून मोडला. आता मोडलेल्या जागेखालून दोन कोंब सरळ वर येत आहेत आणि सर्वांत खालचा थर तपकिरी झाला आहे. झाड पुन्हा पूर्वीसारखे होईल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : कोंब खोडातून आणि सरळ वर येत आहेत, ही आपल्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे, कारण बाजूच्या फांदीला वर बांधून तिचा शेंडा करण्याचा प्रयत्न या झाडात यशस्वी होत नाही. दोन्ही कोंब वाढू दिले तर झाड दुशिंगी होईल. जो जाड आणि मधोमध आहे तो ठेवावा, दुसरा आताच तळाशी कापावा, आणि राखलेल्या कोंबाला बांबूचा आधार देऊन सुतळीने सैल बांधावे. मोडीच्या जागी थोडा बाक आणि दोन थरांमधले मोठे अंतर कायम राहील. तपकिरी थर पुन्हा हिरवा होणार नाही. तो खोडालगत स्वच्छ कापून टाकावा आणि उन्हाळ्यात मुळांवर आच्छादन ठेवावे, म्हणजे त्याच्या वरचा थर वाचेल. आपल्या झाडाला खोलगट आळे असेल तर ते बुजवून पाणी खोडापासून दीड-दोन फूट लांब द्यावे.

प्रश्न : कुंपणालगत मोरपंखीची रांग असून तिच्यापासून तीन फुटांवर कागदी लिंबाचे झाड आहे. लिंबाला फुले येतात, फळे मोजकी लागतात. मोरपंखीसारख्या सूचिपर्णी झाडांच्या पानांनी जमीन आंबट होते व फळझाड खराब होते, असे एकाने सांगितले. शेजारी सुरूही आहे. मोरपंखी काढून टाकावी का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : सुरू हे सूचिपर्णी झाड नाही, एवढे आधी नोंदवतो. त्याच्या सुया म्हणजे पाने नसून पेरापेरांच्या बारीक फांद्या आहेत. ते फुले येणाऱ्या वृक्षांच्या वर्गातले आहे आणि त्याच्या मुळांवरील गाठींत हवेतला नत्र बांधला जातो. मोरपंखी मात्र खरोखरच सूचिपर्णी आहे. लहानपणी तिची डहाळी आपण ‘विद्या’ म्हणून पाटी-दप्तरात ठेवीत असू. अरोकेरियापेक्षा ती आपल्या हवेत कितीतरी चांगली जगते, कारण मूळची चीनकडची ही जात थंडी, कोरड आणि चुनखडी तिन्ही सोसते.

जमीन आंबट होण्याची भीती आपल्या भागात बाळगू नये. ज्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास आहे आणि जिच्यात मुळातच चुना भरपूर आहे, तिच्यावर मोरपंखीच्या चार मुठी पाचोळ्याने काही परिणाम होत नाही. आपल्या लिंबाचे नुकसान दोन साध्या गोष्टींनी होत आहे : तीन फुटांवर दोघांच्या मुळ्या एकाच ओलाव्यावर तुटून पडतात, आणि रांग दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल तर हिवाळ्यातले ऊनही अडते. लिंबाला दिवसातून सहा तास तरी ऊन हवे.

मोरपंखीची सगळी रांग काढू नये. लिंबासमोरची दोन-तीन झाडे काढून सात-आठ फुटांची फट करावी. उरलेल्या झाडांची छाटणी करताना हिरव्या भागाच्या आतच कात्री चालवावी, कारण आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कापले तर तिथे कायमचे भोक राहते. लिंबाला दुहेरी आळे करावे : आतले लहान आळे खोडाभोवती कोरडे ठेवावे आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात सोडावे. पावसाळ्यापूर्वी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डो पेस्ट खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत लावावी. एवढे मोठे प्रमाण लागत नसेल तर सर्व दहाव्या हिश्शाने घ्यावे, आणि मोरचूद भिजवायला लोखंडी भांडे वापरू नये.